खरं झाड आणि बाभळीची फांदी

माझ्या नवऱ्याला घरात खरं ख्रिसमस ट्री हवं होतं. खरं म्हणजे कोणतं, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. खोटं कोणतं ते मात्र त्यानं ठरवून टाकलं होतं. माझे सासरे दर चोवीस डिसेंबरला गावाहून जी बाभळीची फांदी घेऊन येतात, ती खोटी.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. अमडापूरहून पायी अर्ध्या तासावर त्यांचं गाव आहे, तिथं ते एकटेच राहतात. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात नाहीत, आणि मुलानं बुलढाण्यात बांधलेल्या घराबद्दल मनात काडीचं कौतुक नाही. या घरी ते वर्षातून एकदाच येतात. वाढदिवसाला बोलावलं तर म्हणतात, "मले काय केक चावते?" तापात होते म्हणून आणायला गेलो तर म्हणाले, "दवाखाना अमडापुरातही हाये." येतात ते फक्त नाताळला, आणि तेही आमच्या प्रेमाखातर नाही. फांदी पोचवायची असते म्हणून येतात. दोन दिवस राहतात, माझ्या हातच्या करंज्या चहात बुडवून खातात, आणि सव्वीसच्या सकाळच्या गाडीनं परत जातात. फांदी असेल तर मामाजी येणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते केलं.

फांदीची कथा अशी. नवऱ्याचे आजोबा एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. नाताळात साहेबाच्या दिवाणखान्यात सुरूचं झाड उभं करायचं काम त्यांचं. घरी आले की पोरं विचारायची, आपलं झाड कुठं आहे? सुरूची झाडं साहेबाची. म्हणून आजोबांनी शेताच्या बांधावरची बाभळीची फांदी तोडून मातीच्या घागरीत रोवली आणि तिच्यावर बर्फ म्हणून शेवटच्या वेचणीतला कापूस लावला. सुरूला कापूस दोऱ्यानं बांधावा लागतो, तरी वाऱ्यानं गळून पडतो. बाभळीच्या काट्यावर तो नुसता टेकवला की बसतो. पुढे साहेब गेला, बंगल्याच्या दगडांतून लोकांनी आपापली जोती बांधली, आणि आमच्या घरची फांदी मात्र चालू राहिली.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसले होते. माझं माहेर खामगावचं. आमच्याकडे माळ्यावर एक प्लास्टिकचं झाड होतं, नाताळला खाली उतरायचं, आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःला फार सुधारलेले समजत असू. नव्या सुनेनं हसलेलं मामाजींनी पाहिलं आणि ते कापूस लावत राहिले. बाभळीचे काटे जोडीनं येतात, पांढरे, बोटाएवढे. कापसाचं बोंड ते दोन अंगठ्यांनी उकलायचे, सरकी काढायचे आणि तो पुंजका काट्याच्या जोडीवर असा टेकवायचे की बोटाला टोचत नसे. आम्ही लावायला गेलो की रक्त काढून घ्यायचो. आमच्या मुलाला ते फार आवडायचं. मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला तरी चोवीसला तो आजोबांसोबत खालच्या फांदीपासून कापूस लावत बसायचा आणि फोटो काढायचा.

फांदी एसटीनं यायची. अमडापूरहून चिखलीमार्गे सकाळची एक गाडी आहे, तिच्यावर बहुतेक एकच कंडक्टर असतो. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून दर नाताळला त्याचं आणि मामाजींचं भांडण ठरलेलं. गोणपाटात गुंडाळलेली फांदी पाहून तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही फुकट, अन झाडबी फुकट?" मामाजी म्हणायचे, "झाडाचं वय माह्यापेक्षा जास्त हाये. विचार त्याले." हे भांडण घरी आल्यावर ते आम्हाला सगळं ऐकवायचे. वर्षभरात ते एवढं त्याच वेळी बोलत.

मग मुलाचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, पुण्याची. तिचे आईवडील नाताळला आमच्याकडे येणार, घर पाहणार, चोवीसची दुपार ते पंचविसाची संध्याकाळ राहणार. हे कळलं आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं. एरवी हा माणूस सरकारी कचेरीत तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून आहे, त्याच्या भाषेत सांगायचं तर 'स्थिर' आहे. पण पुणेकर व्याही म्हटल्यावर त्यानं घराला रंग दिला, दाराचं कुलूप बदललं, आणि मला म्हणाला की पाहुण्यांसमोर 'का'ला 'काऊन' म्हणू नकोस. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. चुकून 'काऊन' म्हणतो तो हाच, आणि तेही रागात.

"अन ती काट्याची फांदी यंदा हॉलमध्ये नको," तो म्हणाला. "ते लोक पुण्याचे आहेत. त्यांच्याकडे खरं झाड असतं."

कुणी सांगितलं, असं मी विचारलं नाही. नवऱ्याला प्रश्न विचारला की त्याला उत्तर सुचत नाही, आणि उत्तर सुचलं नाही की तो जेवत नाही.

खऱ्या झाडाचा शोध तीन रविवार चालला. पहिल्या रविवारी खामगाव रस्त्यावरच्या एका ओळखीच्याच्या शेतात सुरूची रांग होती ती पाहायला गेलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, पाह्यजे तेवढी तोडा." फुकट मिळतंय म्हटल्यावर नवऱ्याचा उत्साह मावळला. "हे तर सुरूचं झाड. लोक ओळखतील," असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला. ज्या झाडासाठी त्याच्या आजोबांनी साहेबाच्या बागेत घाम गाळला, ते नातवाला हलकं वाटलं. मला त्या क्षणी त्याची कीव यायला हवी होती. पण आला तो तिरस्कार, आणि तोही आतून बरा वाटला, हे कबूल करते.

दुसऱ्या रविवारी दुकानांत गेलो. तिथं प्लास्टिकची झाडं होती, चांगली हिरवीगार, सरळ. नवऱ्यानं एकाची पानं दोन बोटांत चोळली आणि बोटांचा वास घेतला, बाजारात कोथिंबिरीचा घेतात तसा. "खोटं आहे," तो दुकानदाराला म्हणाला. दुकानदार म्हणाला, "मंग काय साहेब, खरं थोडंच खोक्यात भरता येते?" मला तो दुकानदार फार आवडला. त्या तीन रविवारांत शहाण्यासारखं बोललेला तो एकटाच माणूस.

तिसऱ्या रविवारी खामगावातल्या नर्सरीत कुंड्यांची ओळ दिसली. मजल्यामजल्यानं फांद्या असलेली झाडं होती. नर्सरीवाल्यानं आमच्याकडे एकदाच पाहिलं आणि कोणत्या जातीचं गिऱ्हाईक आहे ते ओळखलं. "इंग्लंडची जात हाये साहेब," तो म्हणाला. मागे त्याचा माणूस नुकत्याच आलेल्या ट्रकमधून तीच झाडं उतरवत होता आणि ट्रकवर आंध्राची पाटी होती. नवऱ्याला पाटी दिसली नाही. त्यानं खिशातून टेप काढली. मग जे सुरू झालं ते मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमापेक्षा वाईट होतं. हे जरा तिरकं आहे. याची खालची बाजू भरत नाही. हिचा रंग पिवळट आहे. जरा वळवून दाखवा. स्वतःचं पोट पट्ट्यावरून ओघळतंय आणि हा माणूस झाडाच्या कमरेला नावं ठेवत होता. शेवटी एक पसंत पडलं. गाडीत मावेना म्हणून त्याचा शेंडा खिडकीतून बाहेर काढला. बोथ्याच्या घाटात वळणावर समोरून ट्रक आला, नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि शेंडा एका फांदीला अडकून मोडला.

घरी आल्यावर त्यानं मोडलेल्या शेंड्याला आइस्क्रीमची काडी आधाराला बांधली आणि वर पांढरी पट्टी गुंडाळली. "वर तारा लावला की दिसणार नाही," म्हणाला. जे झाड खरं म्हणून आणलं, त्याचं डोकं खोटं निघालं. पण तो दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे असा पाहत राहिला, जणू घर आत्ता कुठं पूर्ण झालं.

राहिलं मामाजींना सांगायचं. ते कोण सांगणार? साहेबांच्या समोर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस बापाला फोन करायला घाबरला. "तू कर. तुझं ऐकतात," म्हणाला. मी केला. इथं माझी बाजू सांगते म्हणजे मीच एकटी शहाणी उरणार नाही. पाहुण्यांसाठी मी हॉलमध्ये नवा गालिचा टाकला होता. दर वर्षी फांदीची बारीक पानं गळतात, मुंगळे निघतात, आणि महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या पायात काटा निघतो. फांदी यंदा नाही म्हटल्यावर मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. नवऱ्याच्या मूर्खपणामागे माझी सोय लपत होती.

मी आवाज शक्य तेवढा मऊ केला. "मामाजी, यंदा तुम्हाला कशाला ओझं? इथं आम्ही झाड आणलंय. फांदी राहू द्या, तुम्ही नुसते या."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"फांदी नाही आणाची, त मी काऊन येऊ?" ते म्हणाले.

"नातवाचे सासू-सासरे येणार आहेत. भेटायला या."

"त्यायले भेटाले तुम्ही हाच ना."

फोन बंद झाला. नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, रुसले. तो म्हणाला, येतील. मीही म्हटलं, येतील. दोघांनाही माहीत होतं की येणार नाहीत, आणि दोघांनीही लगेच पडद्यांच्या रंगाचा विषय काढला.

चोवीसला दुपारी पाहुणे आले. मंडळी वाईट नव्हती. पण विहीणबाई दर वाक्याला 'किती गोड बोलता हो तुम्ही लोक' म्हणत होत्या. आमचं बोलणं त्यांना गोड वाटतं म्हणजे काय वाटतं, ते आम्हाला इकडे बरोबर कळतं. आमचे साहेब मात्र खुशीत होते. त्यांनी पाहुण्यांना आधी झाडासमोर नेलं. तारा लावलेला, दिव्यांची माळ सोडलेली, पट्टी झाकलेली.

"खरं आहे," नवरा म्हणाला.

"हो का?" विहीणबाईंनी पान चाचपून पाहिलं. "आमचं बाई प्लास्टिकचं. पंधरा वर्षं झाली, घडी घालून माळ्यावर टाकतो. बरं पडतं."

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हसू दाबायला मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. बाहेर आले तर विहीणबाई हॉलभर नजर फिरवत होत्या.

"आणि ती काट्यांची फांदी कुठंय? कापूस लावलेली? जावईबापूंनी लेकीला फोटो दाखवले होते. तिनं मला पाठवले, मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सगळ्या म्हणाल्या, किती ऑथेंटिक! मी यांना म्हटलं, जायचं तर नाताळलाच जायचं, ती फांदी बघायला. आणि आजोबा? त्यांच्यासोबत फोटो काढायचाय."

मुलगा माझ्याकडे वळला. त्याला आम्ही फांदीचं काही सांगितलंच नव्हतं. तो पहाटेच पुण्याहून पाहुण्यांच्या गाडीतून निघाला होता, आणि आजोबा नेहमीसारखे एसटीनं येऊन बसले असतील असं धरून चालला होता. त्यानं एकच विचारलं, "आई, आजोबा आले नाहीत?"

याचं उत्तर मी द्यायला हवं होतं. ते नवऱ्यानं दिलं, आणि कसं दिलं? खिशातून फोन काढला, बापाला लावला, आणि पाहुण्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाबा, नमस्कार. पाहुणे मंडळी आलेली आहेत," नवरा म्हणाला. आवाज बातम्या वाचणाऱ्याचा.

"कोण बोलून राह्यलं?"

"मी बोलतोय बाबा."

"मंग असा काऊन बोलून राह्यला बे? बरा हायेस ना?"

व्याही खिडकीबाहेर पाहू लागले. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पाहुण्यांना आपली फांदी पाहायची आहे. मी गाडी पाठवतो. एक चांगली तोडून ठेवा, आणि तुम्हीही या सोबत."

"सून त म्हणे, खरं झाड आणलं. ते दाखव ना त्यायले."

"ते आहेच बाबा, पण..."

"दुपारी तोडेल फांदी टिकत नाही. अन पाह्यणे आले म्हणून काढून दाखवाची वस्तू नाही ते." फोन बंद झाला.

विहीणबाई म्हणाल्या, "किती गोड बोलतात ना!"

मुलगा उठून बाहेर गेला. पंचवीसचा दिवस आम्ही सगळ्यांनी त्या झाडाभोवती दात दाखवत काढला. फोटो खूप निघाले. एकाही फोटोत मुलगा हसत नाही.

लग्न मे महिन्यात पुण्याला झालं. मामाजी आले नाहीत. "पुणं मले मानवत नाही," म्हणाले. पुणं त्यांनी पाहिलेलंही नाही. ते खरं झाड आता आमच्या अंगणात आहे. मोडलेल्या शेंड्याच्या जागी पुढे काही आलं नाही, त्यामुळे उंची थांबली आणि ते नुसतं रुंद होत चाललंय, माझ्या नवऱ्यासारखं. नवरा रोज त्याला पाणी घालतो. मी वर्षभर सगळ्यांना सांगत राहिले की यांनी आपल्या बापाला दुखावलं. फोन कुणी केला होता, ते मला कुणीच विचारलं नाही.

यंदा मुलगा म्हणाला, आजोबा येणार असतील तरच आम्ही दोघं नाताळला येऊ. नवरा म्हणाला, तू फोन कर, तुझं ऐकतात. या वेळी मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तेवीसला दुपारी मी एसटीत बसले, अमडापूरला उतरले आणि चालत गावात गेले.

मामाजींनी "आलीस" एवढंच म्हटलं. भाकरी मी केली. मी का आले, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पहाटे त्यांनी कोयता घेतला, गोणपाट माझ्या खांद्यावर टाकलं, आणि आम्ही शेताकडे निघालो. दव पडलं होतं, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. बांधाशी आल्यावर ते थांबले आणि मला म्हणाले, "पाह्य. कोणती पाह्यजे ते दाखव."

इतकी वर्षं ती फांदी माझ्या घरात उभी राहिली होती. मी नीट पाहून एक हिरवीगार, डौलदार फांदी दाखवली.

"हे विलायती बाभूळ हाये बाई," ते म्हणाले. "लाकडालेबी कामाची नाही. आपली ते तिकडं." आणि पुढे म्हणाले, "तुमाले तेच दिसते."

नवऱ्यावर, पाहुण्यांवर, नर्सरीवाल्यावर मी वर्षभर नाक मुरडलं होतं, आणि उभ्या बांधावर मला घरचं झाड ओळखता आलं नव्हतं. मामाजींनी गावरान बाभळीपाशी जाऊन एक फांदी हलवून मुंगळे झाडले, सुगरणीचा खोपा नाही ना ते खालून पाहिलं, आणि एका घावात ती तोडली. गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधली. घरी येऊन कापडाच्या पिशवीत कापूस भरून दिला आणि स्टँडपर्यंत फांदी स्वतः खांद्यावर आणली. मला वाटलं, येताहेत. रस्ताभर मला तेच वाटत होतं आणि मी त्या आनंदात त्यांच्या मागे जवळजवळ पळत होते.

गाडी लागली. त्यांनी फांदी माझ्या हातात दिली आणि मागे सरकले.

"मामाजी, चला ना," मी म्हटलं. "नातू येणार आहे. वाट पाहतोय तुमची." मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"फांदी त पोचून राह्यली ना," ते म्हणाले. "आता मी काऊन येऊ?"

मग ते वळले. त्यांची चाल नेहमीचीच होती, ना हळू ना घाईची. मी फांदी छातीशी धरून गाडीत चढले, गोणपाटातून काटे हाताला टोचत होते. कंडक्टर तोच होता. त्यानं फांदी ओळखली, दारामागची जागा स्वतः मोकळी करून ती उभी ठेवली, आणि खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "बाबा कुठं हाये?"

"मागच्या गाडीनं येऊन राह्यले," मी म्हटलं.

मागची गाडी त्या रस्त्याला दुपारपर्यंत नसते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मशीनमधून माझं अर्धं तिकीट काढून दिलं, आणि फांदीचं तिकीट त्यानं या वर्षी मागितलं नाही.